फोन ठेवू नका

आमच्या ह्यांचा आवाज तुम्ही ऐकलेला असणार. मोठ्या हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये "दरवाजा बंद होत आहे" म्हणतात ते हेच. पाणीपट्टीच्या कचेरीत "आपला क्रमांक येईपर्यंत बसून घ्यावे" तेही हेच. वीज गेल्यावर तक्रारीचा नंबर फिरवला की "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" असं जो कोणी अगदी मनापासून म्हणतो, तो माणूस आमच्या घरात राहतो आणि भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तर "हं" म्हणतो. मी म्हणायचे, सगळ्या गावाची माफी मागून झाली असेल तर एखादी माझ्यासाठीही शिल्लक ठेवा.

पण खरं सांगायचं तर मला त्या आवाजाचा अभिमान होता. मला होता त्याच्या कितीतरी पट आत्यांना होता.

आत्या म्हणजे ह्यांच्या आत्या. ह्यांची आई लवकर गेली, तेव्हापासून ह्यांना वाढवलं ते आत्यांनी. स्वतः लग्न केलं नाही. शाळेचे गणवेश शिवून भाच्याला मोठं केलं आणि अजूनही मागच्या गल्लीतल्या दोन भाड्याच्या खोल्यांत मशीन घेऊन बसलेल्या असतात. डोळे तपासायला हॉस्पिटलात गेल्या की त्या लिफ्टने उगाचच वरखाली करायच्या. "दरवाजा बंद होत आहे" ऐकू आलं की शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसायच्या. "आमचा भाचा. सरकारात आहे." हे सरकारात वगैरे नाहीत, बोललेल्या कामापुरते पैसे मिळतात, हे मी त्यांना कितीदा समजावलं. त्यांचं एकच. "सरकार बोलतं कुणाच्या तोंडून? ह्याच्या. मग?"

बाकी आत्या महासंशयी. फोनवर कुणी "बँकेतून बोलतोय" म्हणाला की ह्या विचारणार, "हो का? मग तुमच्या बँकेच्या दाराला रंग कुठला, सांग बघू." बक्षीस लागलंय म्हणणाऱ्या एकाला त्यांनी "तूच ठेव रे बाळा, तुला जास्त गरज दिसतेय" म्हणून वाटेला लावलं होतं. फसवाफसवीच्या बातम्या वाचल्या की आम्ही नवरा-बायको हसून म्हणायचो, आत्यांना गंडवणारा अजून जन्माला यायचाय.

त्या वर्षी घरमालकाने त्या दोन खोल्या विकायला काढल्या. आत्यांनी त्या स्वतःच घ्यायचं ठरवलं. आमच्याकडून छदामही घ्यायला तयार नव्हत्या. "आयुष्यभर दुसऱ्याच्या दाराला कुलूप लावलं, आता माझ्या दाराला लावीन," म्हणायच्या. थोडे पैसे बचत खात्यात होते, बरेचसे मुदतठेवीत. कागद व्हायचे तेवढे बाकी होते.

आता ह्यांच्या कामाची पद्धत सांगायला हवी. नवा मजकूर आला की हे तो आधी स्वयंपाकघरात वाचतात, मी ओट्याशी कामात असताना. ह्यांचं म्हणणं असं की ज्याचे हात गुंतलेले आहेत आणि लक्ष अर्धंच आहे, त्याच्यापर्यंत पोचलं तरच बोलणं पोचलं. हे वाचतात, मी चिरते, नाहीतर धुते. माझा हात जिथे थांबेल तिथे हे पेन्सिलीने खूण करतात. मग आम्ही त्या ओळीवर खल करतो. ह्यांच्या आवाजाचं कौतुक सगळे करतात, पण त्यातल्या निम्म्या जागा माझ्या आहेत, हे मी पाहुण्यांना हसत हसत ऐकवत असे.

त्या दिवशीचा मजकूर एका नव्या गिऱ्हाइकाचा होता. फोनवरचा माणूस फार अदबीने बोलला. करखात्याच्या नव्या दूरध्वनी सेवेचं काम आमच्या कंपनीला मिळालंय, तातडीचं आहे, आणि तुमच्याशिवाय दुसरा आवाज डोळ्यांपुढे येत नाही, म्हणाला. आवाज डोळ्यांपुढे कसा येतो हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. ह्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला तेवढं पुरलं.

मी भांडी घासत होते. हे दारात उभं राहून वाचू लागले. "नमस्कार. ही करखात्याची अधिकृत सूचना आहे. आपल्या नावावर गंभीर थकबाकी आढळली असून आपल्याविरुद्ध अटकेची कारवाई प्रस्तावित आहे. अधिकाऱ्याशी बोलण्यासाठी एक दाबा." पुढे दुसरा तुकडा होता. "कृपया फोन ठेवू नका. ही बाब गोपनीय आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत घरातील कोणाशीही चर्चा करू नका."

माझा हात थांबला. ह्यांनी पेन्सिल उचलली.

"हे काय? घरच्यांना सांगायचं नाही म्हणजे?" मी म्हटलं.

"अगं, सरकारी भाषा. असेल काहीतरी कलम."

"असेल बाई. पण असं दरडावलंत तर माणूस घाबरून फोनच ठेवून देईल. जरा समजुतीने म्हणा. 'फोन ठेवू नका' म्हटल्यावर थोडं थांबा. पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं पाहिजे."

ह्यांनी पुन्हा म्हटलं. मी अजून हळू म्हणा म्हटलं, त्यांनी अजून हळू म्हटलं. तिसऱ्या खेपेला ते असं काही जमलं की माझ्याच अंगावर काटा आला. "हां, आता मी नसता ठेवला," मी म्हणाले आणि पुन्हा भांड्यांकडे वळले.

ह्यांनी ते रेकॉर्ड करून पाठवलं आणि पैसे त्याच संध्याकाळी आले. खऱ्या सरकारी कामाचं आम्हाला आतून माहीत. आधी आदेश येतो, त्यावर सही येते, शिक्का राहिला म्हणून तो परत जातो, आणि पैसे येतात ते आपण विसरून गेल्यावर. इथे आदेश नाही, सही नाही, आणि पैसे मात्र हातोहात. "सरकार सुधारलं हो!" असं म्हणून आम्ही हसलो. दुसऱ्या कुणाला नसेल, पण आम्हाला तरी तिथे खटकायला हवं होतं. खटकलंसुद्धा. पण पैसे वेळेवर आले म्हणून खटकलेलं किती वेळ टिकणार?

त्यानंतर काही दिवसांनी आत्यांचा फोन सकाळपासून लागेना. सारखा आपला व्यस्त. आत्या फोनवर तासन्‌तास बोलणाऱ्यांतल्या नव्हेत. ह्यांच्या पँटची शिवण उसवली होती, तेवढं निमित्त काढून मी मागच्या गल्लीत गेले.

दार त्यांनी फटीएवढंच उघडलं. बाहेर जायचे कपडे, पायात चपला, काखेत पर्स, एका हातात फोन. मागे मशीनवर भर दिवसा कापड झाकलेलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"तू आत्ता जा," त्या कुजबुजल्या. "सरकारी काम चाललंय."

"कसलं सरकारी काम?"

"सांगायचं नाही म्हणून सांगितलंय. साहेब कागद आणायला गेलेत, येतील एवढ्यात."

आत्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. त्यातून हलकं संगीत वाजत होतं. ते थांबलं आणि आवाज आला. "कृपया फोन ठेवू नका." मग थोडी शांतता. मी लावून दिलेली, पाठीवर हात ठेवल्यासारखी. "ही बाब गोपनीय आहे."

मी दार ढकलून आत गेले आणि मशीनला धरून उभी राहिले.

"आत्या, ठेवा तो फोन. चोर आहेत हे."

"चोर?" आत्या चक्क हसल्या. "अगं, कान फुटले का तुझे? बोलतंय कोण ते तरी ऐक! एरवी मी अशा मेल्यांना उभं तरी केलं असतं का? पण काल पहिला शब्द कानावर पडला आणि म्हटलं, अरे, हा तर आपलाच!"

त्या क्षणी मी जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी खोटं बोलले.

"नक्कल आहे ती, आत्या. हल्ली मशीनने कुणाचाही आवाज काढता येतो. पेपरात येतं की."

किती पटकन सुचलं मला! ह्यांचं नाव राखलं, माझं राखलं, आणि आत्याही वाचल्या असत्या. त्यांनी क्षणभर विचार केला. मग फोन कानाशी नेऊन डोळे मिटून ऐकला. तोच तुकडा पुन्हा वाजत होता.

"नक्कल नाही ही," त्या म्हणाल्या. "मोठं वाक्य म्हणायचं असलं की हा आधी असाच श्वास घेतो. लहानपणी बोबडा होता, तेव्हा मीच शिकवलंय त्याला. आधी श्वास घे, मग बोल. मला सांगतेस नक्कल?" आणि पर्स सावरून त्या दाराकडे निघाल्या. "बँक बंद व्हायच्या आत ठेव मोडायची आहे. सरक."

मी दारात आडवी उभी राहिले. आता दुसरं काही बोलायला उरलंच नव्हतं.

"त्यांचाच आवाज आहे," मी म्हटलं. "त्यांनीच म्हटलंय हे. आमच्या स्वयंपाकघरात. मी ऐकलं. कसं म्हणायचं तेही मीच सांगितलं. आम्हाला वाटलं, खरंच खात्याचं काम आहे. आम्ही दोघंही फसलो, आत्या. तुम्ही आमच्यामुळे फसलात."

आत्या मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या. फोनमधलं संगीत थांबलं आणि एक माणूस बोलू लागला. फार अदबीने.

"ताई, निघालात ना बँकेत? जवळ कुणी नाही ना?"

मी हातानेच फोन मागितला. त्यांनी दिला नाही. घसा खाकरला आणि विचारलं, "साहेब, तुमच्या कचेरीच्या दाराला रंग कुठला हो?"

तशी त्या माणसाची अदब गळून पडली. "ए म्हातारे, तुला आणि तुझ्या भाच्याला आत टाकतो बघ," एवढं ऐकून आत्यांनी फोन बंद केला.

तो लगेच पुन्हा वाजला. पुन्हा पुन्हा वाजत राहिला. पडद्यावर "करखाते" अशी अक्षरं उमटत होती.

"नाव तर खात्याचंच दिसतंय गं," आत्या बारीक आवाजात म्हणाल्या.

"नाव काय, कुणीही लावतं. खरं खातं फोनवर पैसे मागत नाही, आत्या. अटकेची भीती घालत नाही. फोन चालू ठेवून बँकेत जा म्हणत नाही. आणि घरच्यांपासून लपवा असं तर कधीच सांगत नाही. शंका आली की फोन ठेवायचा आणि आपल्याला ठाऊक असलेल्या नंबरवर आपणच फिरवायचा."

घडाघडा बोलले मी. बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की हे सगळं मला माहीत होतं. भांडी घासताना हात थांबला, तेव्हाही माहीत होतं.

"बचत खात्यातले काल गेले," आत्या म्हणाल्या. "आज ठेव जायची होती. मी त्या साहेबाला सांगितलं गं, हा आवाज आमच्या भाच्याचा म्हणून. तो म्हणाला, अरे वा, मग तर तुम्ही घरच्याच. पण ही गोष्ट बाहेर फुटली तर पहिली गदा तुमच्या भाच्यावर येईल. काल संध्याकाळी आपला भाचा इथे येऊन चहा पिऊन गेला. अगदी ओठांवर आलं होतं. नाही बोलले. म्हटलं, माझ्यापायी त्याच्या पोटावर पाय नको."

मला ऐकवेना. मी आधी बँकेला फोन लावला, मग ह्यांना.

हे आले ते धापा टाकतच. मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं. हे आत्यांसमोर जाऊन उभे राहिले आणि तोंड उघडलं, पण शब्द येईना. आत्या म्हणाल्या, "श्वास घे आधी." तेव्हा हे खाली बसले आणि आत्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले. आत्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला नाही. हात मांडीवर तसेच राहिले. त्यांना राग आला होता की सुचत नव्हतं, मला सांगता येणार नाही.

पोलीस ठाण्यात एका लांबट खोलीत सगळी टेबलं जवळजवळ. बाई अधिकारी बोलायला बऱ्या होत्या. त्यांनी ह्यांच्या फोनमधलं मूळ रेकॉर्डिंग लावायला सांगितला. हे म्हणाले, "जरा हळू लावू का?" त्या म्हणाल्या, "नको, नीट ऐकू दे." आवाज खोलीभर घुमला. "कृपया फोन ठेवू नका." पलीकडच्या टेबलावरचे शिपाई वळून बघू लागले. भिंतीलगतच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या मुलीबरोबर बसले होते. ते उठून उभे राहिले.

"हाच! हाच तो माणूस!"

मुलगी त्यांना खाली बसवू लागली. धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. ह्यांना म्हणता आलं असतं की रेकॉर्डिंग आहे, काका, बसा. पण हे खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "हो काका. मीच तो."

मला वाटलं, आता हात उगारतील. निदान शिव्या तरी देतील. पण ते म्हणाले, "तुम्ही ठेवू नका म्हणालात, म्हणून मी ठेवला नाही हो." तक्रारीचा सूरही नव्हता त्यात. आपल्याकडून काही चुकलं का, असं विचारल्यासारखे ते म्हणाले आणि पुन्हा बाकावर बसले.

बाईंनी ह्यांना सगळं विचारलं. आदेश बघितला होता का? नाही. कंपनीचा पत्ता? नाही. संशय आला नाही? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आला होता," मी म्हटलं. "पण पैसे लगेच आले." बाईंनी मान न वर करता ते लिहून घेतलं. माझं हे वाक्य कागदावर उतरताना बघण्यापेक्षा त्यांनी मुस्काटात दिली असती तर चाललं असतं.

ठेव वाचली. काल गेलेले पैसे मिळतील न मिळतील, प्रयत्न करू, असं सांगण्यात आलं. खोल्यांसाठी कमी पडतील ते आम्ही घालू, असं हे वाटेत म्हणाले. आत्या फक्त म्हणाल्या, "ते बघू मग." त्यांच्या दारापर्यंत आम्ही गेलो. आत या असं त्या म्हणाल्या नाहीत. आम्हीही थांबलो नाही.

पुढचे दिवस हे घरात "हं" सुद्धा म्हणेनात. दोन कामं आली, दोन्ही परत केली. स्वयंपाकघराच्या दारात कुणी उभं राहून वाचत नव्हतं आणि माझे हात न थांबता चालत होते. त्या शांततेत मला ती जागा परत परत ऐकू यायची. फोन ठेवू नका, मग थोडं थांबणं. ह्यांचा आवाज होता, पण ते थांबणं माझं होतं. किती घरांत ते जाऊन बसलं असेल, देव जाणे.

शेवटी एका संध्याकाळी मीच म्हटलं, "आत्यांना जेवायला बोलवा. मी सांगितलं तर यायच्या नाहीत."

ह्यांनी बराच वेळ फोन हातात धरून ठेवला. मग लावला.

"हॅलो, आत्या—"

फोन कट झाला.

ह्यांनी पुन्हा लावला. या वेळी "हॅलो" पुरतं म्हणूनही झालं नव्हतं. पुन्हा कट. हे माझ्याकडे बघू लागले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. पोलीस ठाण्यातही नाही. मी त्यांच्या हातातून फोन काढून घ्यायला पुढे झाले, एवढ्यात तो वाजला. पडद्यावर आत्या. ह्यांनी स्पीकर लावला.

"हं, आता बोल," आत्या म्हणाल्या. मागे मशीन चालू होतं, ते थांबलं. "मघाशी दोन्ही वेळा तूच होतास का?"

"मीच होतो."

"असशील. पण मला काय कळणार? नुसता आवाज ऐकून मी आता बोलत नाही. फोन ठेवायचा आणि ठाऊक असलेल्या नंबरवर आपणच फिरवायचा, असं सूनबाईनेच सांगितलंय ना? तुझा नंबर कपाटाच्या दारावर खडूने मोठा लिहून ठेवलाय. तुझा फोन आला की मी ठेवणार आणि मग मी करणार. चालेल ना?"

हे ओट्याला टेकून उभे होते. हाच आवाज लिफ्टमध्ये ऐकायला ही बाई उगाच वरखाली करायची. ह्यांनी श्वास घेतला, आधी एकदा, मग पुन्हा.

"हो, आत्या," हे म्हणाले. "असंच कर. मी कितीही सांगितलं तरी ठेवत जा."